ट्रेलर ‘कायमचा समतल’ करून देणाऱ्याने केलेली आमची फसवणूक

२०२३ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधील टेलर या गावाजवळच्या एका मोठ्या कारखान्याच्या बांधकामावर मला चौदा महिन्यांचे कंत्राटी काम मिळाले. परिसरातील घरभाडी आवाक्याबाहेर गेलेली असल्यामुळे, तेथील अनेक कामगार कुटुंबांप्रमाणे आम्हीही सव्वीस फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, विकत घेतला आणि अशी फिरती घरे उभी करण्याच्या एका आरव्ही पार्कमध्ये महिन्याच्या भाड्याने जागा घेऊन तो तेथे उभा केला. पुढच्या काही महिन्यांत एका फिरत्या मेकॅनिकने आमच्याकडून जे पैसे उकळले आणि ट्रेलरचे जे नुकसान केले, त्याची हकिकत येथे तपशीलवार लिहीत आहे, कारण कंत्राटावर येऊन अशा ट्रेलरमध्ये राहणारी मराठी कुटुंबे मला तेथे भेटली आणि त्यांतील दोघांकडे हाच माणूस जाऊन आला होता.

आधी जमिनीविषयी लिहितो, कारण त्याच्या सगळ्या बनावाचे मूळ तेथेच होते. मी परभणी जिल्ह्यातला आहे. आमच्याकडची काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून वर येते, हे मी लहानपणापासून पाहिलेले आहे. त्या जमिनीवर घातलेल्या उथळ पायाच्या भिंतींना तडे का जातात, हे आमच्या गावातला कोणताही गवंडी सांगू शकतो. टेलरच्या आसपासचा ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा अगदी त्याच जातीच्या मातीचा आहे, आणि तेथील ‘ह्यूस्टन ब्लॅक’ नावाची काळी माती टेक्सासची राज्यमाती मानली जाते. त्या वर्षीचा उन्हाळा इतका कडक होता की जवळच्या ऑस्टिन शहरात सलग ४५ दिवस दिवसाचे कमाल तापमान शंभर अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक राहिले होते. आमच्या जागेवर वर खडी पसरलेली होती, पण तिच्या कडेने दोन बोटे रुंदीच्या भेगा स्पष्ट दिसत होत्या. हे सारे डोळ्यांसमोर असताना ‘एकदा पातळी लावली की वर्षभर पाहावे लागणार नाही’ या त्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला, याचे मला आजही फार वाईट वाटते.

हा मेकॅनिक सप्टेंबरमध्ये स्वतःहून आमच्या दारी आला. बोलणे अत्यंत आदबशीर होते, आणि पार्कच्या कार्यालयातील फलकावर त्याचे कार्ड लावलेले असल्यामुळे आम्हांला तो ओळखीतला वाटला. त्याने दीर्घ मुक्कामासाठी एकत्रित कामाचा १,४५० डॉलरचा प्रस्ताव दिला. ट्रेलर ठोकळ्यांवर कायमचा समतल करणे, छताच्या सांध्यांना नवे सीलंट लावणे, चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरणे, पाणी तापवण्याच्या टाकीतील ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली धातूची कांडी) बदलणे आणि दर महिन्याला तपासणी करून छायाचित्रे पाठवणे, एवढे सगळे त्यात होते. एका जागी उभ्या गाडीची टायरे वजनाने बसतात आणि उन्हाने तडकतात, ही गोष्ट खरीच आहे. तिचाच आधार घेऊन त्याने चारही चाके काढून आपल्या शेडमध्ये महिना वीस डॉलरने सांभाळण्याचे ठरवले. बँकेच्या कार्डाऐवजी झेल या खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या ॲपवरून पैसे दिल्यास शंभर डॉलरची सूट देतो म्हणाला आणि आम्ही तसे दिले.

पातळी हा केवळ झोपताना डोके खाली होऊ नये एवढ्यापुरता विषय नाही. आमच्या ट्रेलरमधला फ्रिज गॅसवर आणि विजेवर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला होता. अशा फ्रिजमध्ये अमोनिया आणि पाणी यांचे मिश्रण तापवले जाते, अमोनियाची वाफ वर जाते, आणि थंडावा देऊन झाल्यावर द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने नळ्यांतून परत खाली येतो. ट्रेलर कलला की तो द्रव मध्येच साचतो, खालचा भाग कोरडा पडून अति तापतो, आणि गंज रोखण्यासाठी घातलेले रसायन घट्ट होऊन नळी कायमची बंद करते. रस्त्यावर चालत्या गाडीत हिसक्यांमुळे द्रव हलत राहतो; उभ्या गाडीत तो जेथे साचला तेथेच राहतो, त्यामुळे मुक्काम जितका लांब तितका हा धोका मोठा. अशा फ्रिजसाठी साधारणपणे आडव्या दिशेने तीन अंश आणि लांबीच्या दिशेने सहा अंश एवढ्याच कलाची मुभा असते.

ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस झाला आणि आठवडाभरात दार चौकटीला घासू लागले. मी त्याला फोन केला तेव्हा थंडीने चौकट आवळली असे त्याने सांगितले, आणि कुलपाची पट्टी घासून देण्याचे १८० डॉलर घेतले. नोव्हेंबरमध्ये फ्रिज थंड होईना, तेव्हा गॅस संपत आल्याचे कारण दिले. बटणाने बाहेर सरकणारी बैठकीची बाजू अर्ध्यावर अडकली, तेव्हा मात्र त्याने फोन उचलणे बंद केले. या काळात दर महिन्याला त्याची छायाचित्रे येत होती आणि त्यांत पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्यभागी दिसत होता. तपासणीच्या वेळी आम्ही दोघेही कामावर असायचो. पत्नीने एका रात्री ती छायाचित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा छतावरच्या झरोक्याचे झाकण पांढरे असल्याचे तिच्या लक्षात आले. आमचे झाकण धुरकट काळ्या रंगाचे आहे. आम्हांला तीन महिने कोणा दुसऱ्याच्याच ट्रेलरची छायाचित्रे मिळत होती.

मग आम्ही दुसरा मेकॅनिक बोलावला; तो तासाच्या दराने येणारा होता. त्याने हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी फ्रिजच्या तळाशी आणि दाराच्या उंबरठ्यावर पाणसळ ठेवली. ट्रेलर आडव्या दिशेने चार अंशांहून अधिक कललेला होता. मग तो खाली सरपटत गेला आणि त्याने मलाही बोलावून दाखवले. ट्रेलरचा सगळा भार पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांवर होता, ते ठोकळे भोके आडवी येतील असे ठेवले होते, त्यांच्याखाली फळीसुद्धा नव्हती, आणि एक ठोकळा चिरडून गेला होता. त्याहून वाईट म्हणजे ते सांगाड्याच्या मुख्य तुळईखाली न ठेवता ॲक्सलच्या नळीखाली ठेवलेले होते. ॲक्सल बनवणारे आपल्या पुस्तिकेत ट्रेलर ॲक्सलवर उचलू किंवा टेकवू नये असे स्पष्ट बजावतात. उरलेली उंची पहिल्या मेकॅनिकने कोपऱ्यांतल्या आधाराच्या जॅकनी रेटून काढली होती. ते जॅक फक्त हालचाल थांबवण्यासाठी असतात. त्यांच्यावर गाडी उचलली की सांगाडा पिळतो, आणि आमचे दार व सरकती बाजू त्यामुळेच अडकली होती.

बाकीची कामे तर झालीच नव्हती. बेअरिंगमधले ग्रीस जुने, काळे पडलेले होते आणि चाकाचा नट जागी धरणारी गंजलेली कॉटर पिन जागची हललेली नव्हती. आमची पाणी तापवण्याची टाकी ॲल्युमिनियमची आहे आणि तिच्यात ॲनोड रॉड मुळातच नसतो, तरीही पावतीत त्याचे ६५ डॉलर लावलेले होते. छताच्या रबरी आवरणावर त्यासाठीच्या सीलंटऐवजी स्वयंपाकघरातले स्वस्त सिलिकोन फासलेले होते. सिलिकोनवर पुढे दुसरे काहीच नीट चिकटत नाही, त्यामुळे ते खरवडून काढण्यातच दुसऱ्या मेकॅनिकचा एक पूर्ण दिवस गेला. फ्रिजचा थंड करणारा भाग कायमचा निकामी झाला होता आणि तो बदलण्यास १,६०० डॉलर लागले.

चाके परत मिळाली ती पार्कच्या व्यवस्थापिकेने दोनदा फोन केल्यावर. टायरच्या कडेवरील परिवहन खात्याच्या संकेतातील शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. परत आलेल्या टायरांवर ३८१४ होते, म्हणजे ती २०१४ च्या अडतिसाव्या आठवड्यातली होती. आमची टायरे २०२१ ची होती. ट्रेलरच्या टायरांची नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर त्यांच्यावर महामार्गावर भरवसा ठेवता येत नाही. ती न पाहता चढवली असती, तर कंत्राट संपल्यावर आम्ही त्याच टायरांवर निघालो असतो, आणि हे आठवले की माझा जीव आजही कासावीस होतो.

आता आम्ही चाके जमिनीवरच ठेवतो आणि जाड प्लॅस्टिकचे थर चाकांखाली सरकवून आधी आडवी पातळी घेतो. चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावून मग पुढच्या दांड्याच्या जॅकने लांबीची पातळी घेतो, आणि सर्वांत शेवटी कोपऱ्यांचे जॅक फक्त टेकेपर्यंत खाली करतो. प्रत्येक मोठ्या पावसानंतर आणि प्रत्येक कोरड्या पंधरवड्यानंतर पाणसळ पाहतो. या कामाला दोघांना अर्धा तास पुरतो.

पैशांच्या बाबतीत बँकेने सांगितले की व्यवहार आम्ही स्वतः मंजूर केलेला असल्यामुळे तो उलटवता येत नाही. कार्डाने दिले असते तर आक्षेप नोंदवता आला असता. टेक्सासच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दावा लावण्यापूर्वी साठ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. ती आम्ही नोंदणीकृत टपालाने पाठवली आणि ती परत आली, कारण पावतीवरचा पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला. वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे ऐकणाऱ्या जस्टिस कोर्टात आम्ही दावा दाखल केला आहे आणि राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाकडे तक्रारही दिली आहे. ठोकळे, बेअरिंग आणि छत यांच्याबाबत आमच्याकडे दुसऱ्या मेकॅनिकचे लेखी निवेदन आहे, पण काम होण्यापूर्वीची छायाचित्रे नाहीत. फक्त टायरांचा पुरावा पक्का आहे, कारण ट्रेलर विकत घेतला त्या दिवशी पत्नीने सहज काढलेल्या एका छायाचित्रात डाव्या बाजूच्या पुढच्या टायरचा संकेत स्पष्ट वाचता येतो.