आर्गपार्स: आठ महिने वापरल्यानंतर

आर्गपार्स म्हणजे कमांडसोबत लिहिलेली माहिती (आर्ग्युमेंट) तपासून वाचणारं पायथनचं मॉड्यूल. आमच्याकडे महिन्याची बिलं काढणारी एक पायथन स्क्रिप्ट आहे. तिला महिना आणि फोल्डर असं दोन्ही द्यावं लागतं. पूर्वी मी ते थेट सिस-आर्गव्हीच्या, म्हणजे कमांडसोबत लिहिलेल्या शब्दांच्या, यादीतून उचलायचो. एखादं द्यायचं राहिलं की लांबलचक ट्रेसबॅक (एररचा तपशील) आणि शेवटी 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज'. बिलिंगच्या ताईंचा रात्री फोन यायचा, "दादा, स्क्रिप्ट बंद पडली." बघावं तर फोल्डरचं नाव लिहायचं राहिलेलं असायचं.

खरं नुकसान वेगळंच झालं. स्क्रिप्ट त्या महिन्याच्या जुन्या पीडीएफ आधी पुसायची आणि फोल्डरचं नाव त्यानंतर वाचायची. एकदा पुसून झाल्यावर अर्ध्यात पडली. सगळी बिलं पुन्हा काढावी लागली. त्याच आठवड्यात आर्गपार्सवर आलो.

आर्गपार्स पायथनसोबतच येतं, २.७ आणि ३.२ पासून, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पार्स-आर्ग्ज, म्हणजे आर्ग्युमेंट तपासणारी ओळ, अगदी सुरुवातीला ठेवलं की काही कमी असल्यास कुठल्याही फाइलला हात लागायच्या आत स्क्रिप्ट थांबते. मेटाव्हारमध्ये, म्हणजे संदेशात दिसणाऱ्या नावात, मी 'महिना' आणि 'फोल्डर' असं देवनागरीतच लिहिलंय, त्यामुळे एररच्या ओळीत नेमकं काय राहिलं ते मराठीत दिसतं. ताई तेवढं वाचतात, वरचा बाण दाबून राहिलेलं नाव जोडतात आणि पुन्हा चालवतात. शिवाय अशा वेळी एक्झिट कोड (स्क्रिप्ट संपताना देते तो आकडा) २ मिळतो, त्यावरून रात्रीच्या शेल स्क्रिप्टला चूक आर्ग्युमेंटची आहे हे कळतं.

एक गोष्ट मला फार आवडली. महिन्याला टाइप म्हणून इंट (पूर्णांक) दिलंय. ताईंचा कीबोर्ड मराठीवर राहिला आणि '०६' गेलं, तरी पायथन ते ६ असंच वाचतं. 'जून' लिहिलं तर मात्र लगेच अडवतं.

दोन ठिकाणी जपा. महिना नाही दिला तर मागचा धरायचा, असा डिफॉल्ट मी सोयीसाठी ठेवला होता. एकदा चुकीच्या महिन्याची बिलं निघाली, कुठेही एरर नाही. ज्यावर पैसे अवलंबून आहेत त्याला डिफॉल्ट देऊच नका. दुसरं सबकमांडचं, म्हणजे स्क्रिप्टने कोणतं काम करायचं ते सांगणाऱ्या शब्दाचं: पायथन ३ मध्ये ती आपोआप सक्तीची नसते. माझी स्क्रिप्ट काहीच न करता शांतपणे संपायची आणि कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक! रिक्वायर्ड ट्रू लिहावंच लागतं, ही सोय अ‍ॅड-सबपार्सर्समध्ये ३.७ पासून आहे, आणि सोबत डेस्टही (निवडलेली सबकमांड ज्या नावाखाली साठवायची ते) द्या.