शेलमध्ये बॅकटिक (`) वापरू की $( )? नेस्टिंग (एकात एक) आलं की फरक कळतो

शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम. त्यात एका कमांडचं आउटपुट दुसरीत टाकायचंय आणि तिसरीपण आत आहे, तर सरळ $( ) घ्या. एका लेव्हलला दोन्ही सारखेच चालतात, शेवटच्या न्यूलाइन्सपण दोन्ही उडवतात, गंमत दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होते.

बॅकटिक बोर्न शेलमधला, 1979 च्या युनिक्स व्हर्जन 7 पासूनचा, आणि उघडायचं-मिटायचं चिन्ह एकच असल्यामुळे शेलला आतला कुठला ते कळतच नाही, म्हणून आतल्याला \` लिहायचं, त्याच्या आतल्याला \\\`, आणि चौथ्या लेव्हलला चक्क 7 बॅकस्लॅश. रात्री अंधेरीच्या ऑफिसात सपोर्ट शिफ्टला दुसऱ्याची अशी स्क्रिप्ट उघडून बसलेल्याला विचारा!

त्याहून वाईट म्हणजे आतले $, ` किंवा \ च्या आधीचे बॅकस्लॅश बॅकटिक आधीच खातो. सिंगल कोट्समध्ये '\\' ठेवलं तरी आतल्या कमांडला एकच पोचतो, सिंगल कोट्ससुद्धा वाचवत नाहीत. $( ) मध्ये दोन्ही जसेच्या तसे जातात. कोट्सचंपण तसंच, आतला हिशोब वेगळा, बाहेरचा वेगळा, त्यामुळे "$(dirname "$0")" (म्हणजे स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे तो) बिनधास्त लिहा, फोल्डरचं नाव 'लोअर परळ' असं स्पेसवालं असलं तरी तुटत नाही.

आता $( ) चे लोचे. आत सबशेलने (कंसात लिहिलेल्या, वेगळ्या शेलमध्ये चालणाऱ्या कमांड) सुरुवात असेल तर $(( दिसतं आणि शेलला ते गणित वाटू शकतं, म्हणून मध्ये स्पेस द्या, $( ( असं. दुसरं, आत case (पॅटर्न जुळेल तशी कमांड चालवणारी रचना) असेल तर पॅटर्ननंतरचा एकटा ) बॅश या शेलच्या 3.2 व्हर्जनला शेवटचा कंस वाटतो आणि सिंटॅक्स एरर येतो, आणि मॅकवर अॅपलने दिलेला बॅश अजून 3.2 च आहे! पॅटर्नच्या आधीपण ( लावा, सुटतं. बॅश 5.2 पासून आतला भाग खऱ्या पार्सरकडूनच (कमांडची रचना समजून घेणारा शेलचा भाग) वाचला जातो, तिथे ही कटकट नाही.

मग बॅकटिक कधी? सी शेलमध्ये लिहायचं असेल किंवा सोलॅरिस 10 या युनिक्सचा जुना sh शेल असेल तेव्हा, कारण तिथे $( ) चालतच नाही. बाकी $( ) पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड) आहे, डॅश, बॅश, कॉर्न अशा शेलमध्ये सगळीकडे चालतं.

आणि जुन्या स्क्रिप्टमधले बॅकटिक फाइंड-रिप्लेसने एकगठ्ठा बदलू नका प्लीज, आतले जादाचे बॅकस्लॅश आधी हाताने काढा, नाहीतर स्क्रिप्ट एरर न देता चुकीचं आउटपुट देत बसेल.