दहापट भिंग, अतिनील बॅटरी, पाकिटं: आठ महिने वापरल्यावर

पेनसिल्व्हेनियात आल्यावर मला इथल्या गावोगावच्या बँकांच्या नोटांचा नाद लागला. १८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेत परवाना असलेली आडगावची बँकसुद्धा सरकारी रोखे तारण ठेवून स्वतःच्या नावाची नोट काढायची. (आपल्याकडे बँक ऑफ बॉम्बेचा हा हक्क १८६१ च्या कायद्यानेच गेला.) त्यासाठी हा संच ऑनलाइन मागवला.

भिंगाचे पैसे पहिल्याच महिन्यात वसूल. माझ्याकडे १९२९ सिरीजची दहाची नोट आहे: मळकी, मधोमध घडी, शिक्का तपकिरी. परवान्याचा म्हणजे चार्टर नंबर काळ्या शाईत दोनदाच असेल तर टाइप १; सिरीयल नंबरशेजारी तपकिरी शाईत आणखी दोनदा असेल तर टाइप २, म्हणजे १९३३ नंतरची. माझी टाइप १. भिंगाखाली कागदात रुतलेले लाल-निळे रेशमी तंतू दिसले, आणि घडीवर टाचणीची दोन भोकंही. विकणाऱ्याने ती सांगितली नव्हती.

त्याआधी एकदा फसलोय. शिक्का तपकिरी, साल १९२९, म्हणून हौसेने घेतली. नीट वाचली तर फेडरल रिझर्व्ह बँकेची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेतली, गावच्या बँकेची नव्हे. चार्टर नंबरच नाही, त्या जागी नुसतं अक्षर. तेव्हा भिंग खिशातच होतं!

बॅटरी चारदा वापरली असेल. आजचा पांढराशुभ्र कागद तिच्याखाली निळसर चमकतो, जुना मंद राहतो. पण साबणाने धुतलेली अस्सल नोटही चमकू शकते, त्यामुळे एवढ्यावरून नोट खरी की खोटी याचा निकाल देता येत नाही.

भाव मात्र भिंगात दिसत नाही. दोन नोटा सारख्याच मळलेल्या असल्या तरी फिलाडेल्फियाच्या मोठ्या बँकेची ढिगाने मिळते आणि एखाद्या खाणगावातल्या बँकेच्या दोन-तीनच उरलेल्या असतात. म्हणून आधी चार्टर नंबर बघायचा, मग संग्राहकांच्या नोंदीत त्या बँकेच्या किती नोटा शिल्लक आहेत ते, मग त्याच बँकेचे जुने लिलाव. कागदाची तब्येत त्यानंतर.

पाकिटं फेकून दिली. व्हिनाइलची होती, उघडली की नव्या रेनकोटसारखा वास. उन्हाळ्यात एक नोट आतून चिकटली. आता मायलारची, म्हणजे पारदर्शक पॉलिस्टरची वापरतो. ती चिकटलेली नोट बघून सौ. म्हणाली, हलकी इस्त्री फिरवू का? नको म्हटलं. घडी जाईल, पण जाणकाराला इस्त्री लगेच कळते आणि भाव उतरतो.