‘लेकिन’ची गाणी : सादळलेल्या लाकडाची धग

‘लेकिन’ हा चित्रपट १९९१ मध्ये प्रदर्शित झाला, परंतु त्याची ध्वनिफीत आमच्या घरी चित्रपट पाहण्याच्या कितीतरी आधी आली होती. डिंपल कापडिया आणि विनोद खन्ना यांचे चेहरे, राजस्थानातील पडकी हवेली, वाळूचे ते अथांग पट्टे यांपैकी काहीही डोळ्यांसमोर नसताना ती गाणी मी निव्वळ कानांनी ऐकली. आज इतक्या वर्षांनी हा संच पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकताना वाटते की तो योग चांगलाच होता, कारण या संगीताला चित्राच्या आधाराची गरज भासत नाही. वाळवंटाचे रितेपण त्याच्या चालींतच आहे.

दिग्दर्शन आणि गीते गुलजार यांची, संगीत पंडित हृदयनाथ मंगेशकर यांचे आणि निर्मिती लता मंगेशकर यांची. कथेचे बीज रवींद्रनाथांच्या ‘क्षुधित पाषाण’ या कथेतले. एका जुन्या वास्तूतील वस्तूंची नोंद करायला आलेल्या अधिकाऱ्याला रेवा नावाची स्त्री वारंवार भेटते आणि हळूहळू त्याच्या लक्षात येते की ती जिवंत जगातली नाही, काळाच्या एका क्षणात अडकून पडलेली आहे. हे एवढे ठाऊक असले तरी गाण्यांचा अर्थ किती पालटतो, हे पाहण्यासारखे आहे.

‘यारा सीली सीली’ हे गाणे घ्या. सीली म्हणजे दमट, सादळलेली. पावसाळ्यात चुलीपुढे बसलेल्या कोणालाही ठाऊक असते की सादळलेल्या लाकडाला जाळ धरत नाही. ते नुसते धुमसते, डोळ्यांत धूर भरतो आणि जळणे काही संपत नाही. विरहाच्या रात्रीला गुलजार यांनी हे जळणे दिले आणि हृदयनाथांनी चालही तशीच बांधली. कुठेही भडका नाही. सूर वर जातो, पण तिथे ठाण मांडत नाही, लगेच मागे फिरतो आणि पुन्हा त्याच दोन शब्दांपाशी येऊन थांबतो. पुढे एका अंतऱ्यात ती म्हणते की पायांशी सावली नाही आणि स्वतःची पडछायाही सोबत येत नाही. मी कित्येक महिने ही ओळ विरहिणीचे काव्य म्हणूनच ऐकत होतो. चित्रपट पाहिला तेव्हा अंगावर काटा आला, कारण रेवा उपमा देत नव्हती, स्वतःची वस्तुस्थिती सांगत होती. लतादीदी ती ओळ कोणत्याही नाट्याशिवाय, जवळजवळ सहजपणे म्हणतात आणि म्हणूनच ती कानात रुतून बसते.

त्या वेळी लतादीदींनी साठी ओलांडली होती. पन्नासच्या दशकातला रेशमी, भरलेला आवाज इथे नाही. तो अधिक बारीक आणि किंचित धारदार झालेला आहे. इतर अनेक संगीतकारांनी त्या काळात हा आवाज षोडशवर्षीय नायिकांसाठी वापरला आणि तिथे तो कधी कधी उपरा वाटला. हृदयनाथांनी मात्र तो अशा स्त्रीसाठी वापरला, जिचा चेहरा तरुण आहे आणि जिची वाट पाहण्याची वर्षे मोजता येत नाहीत. त्यामुळे आवाजातले वय हेच त्या पात्राचे सत्य होऊन बसते. ‘मैं एक सदी से बैठी हूँ’ या गाण्यात तर हे फारच जाणवते. ‘लेकिन’मधील गायनासाठी लतादीदींना, संगीतासाठी हृदयनाथांना आणि ‘यारा सीली सीली’च्या शब्दांसाठी गुलजार यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच संचातले गायन, संगीत आणि शब्द तिन्ही गौरवले जावेत, यात मला तरी अतिशयोक्ती दिसत नाही.

मराठी श्रोत्याला हृदयनाथांची चाल ओळखू येते, मग भाषा कोणतीही असो. ‘जैत रे जैत’ ज्याने पारायणे करून ऐकले आहे, ग्रेस आणि आरती प्रभू यांच्या कवितांना त्यांनी दिलेल्या चाली ज्याच्या तोंडी आहेत, त्याला इथलेही अनपेक्षित स्वर आणि गायकाची परीक्षा पाहणाऱ्या उड्या परक्या वाटत नाहीत. राजस्थानी बोलीशी त्यांचा आणि लतादीदींचा परिचयही जुना. ‘चला वाही देस’मधली मीरेची भजने त्याची साक्ष देतात. म्हणूनच ‘केसरिया बालमा’मध्ये मांड ही राजस्थानी गायकी येते ती पर्यटकाला दाखवण्याच्या शोभेच्या वस्तूसारखी येत नाही, त्या मातीत आधी मुक्काम केलेल्या माणसाच्या हातून येते.

‘सुनियो जी’बद्दल थोडे अधिक सांगायला हवे. सासरी असलेली लेक बापाला विनवते आहे की श्रावण आला, आता मला घरी न्या. एकदा हे गाणे लागलेले असताना माझी आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच थांबला. गाणे संपल्यावर ती एवढेच म्हणाली, “पंचमीला मुराळी यायचा, त्याची वाट बघताना असंच व्हायचं.” राजस्थानचा सावन आणि आमच्याकडची नागपंचमी यांतले अंतर त्या चालीने क्षणात मिटवले होते. मात्र जिला न्यायला कोणी कधीच येणार नाही, अशी बाई हे गाते आहे, हे लक्षात घेऊन ऐकले की विनवणीचा सूर अधिकच काळीज कुरतडतो.

या सगळ्यापासून वेगळा रंग ‘झूठे नैना बोले’चा. बिलासखानी तोडीतली ही बंदिश आशा भोसले यांनी गायली असून सोबत पंडित सत्यशील देशपांडे यांचा आवाज आहे. तानसेनाच्या पार्थिवापुढे त्याचा मुलगा बिलासखान याने हा राग गायला, अशी आख्यायिका आहे. स्वर भैरवीचे, पण चलन आणि वृत्ती तोडीची, अशी या रागाची अवघड घडण. जरा हलगर्जीपणा झाला की भैरवी डोके वर काढते. आशाताई तो तोल कुठेही ढळू देत नाहीत, आणि तरीही गाण्यातला मैफलीचा लाडिकपणा तसूभर कमी होत नाही. हृदयनाथ उस्ताद अमीर खाँ यांचे शिष्य, आणि सत्यशीलजी कुमार गंधर्वांचे. ती दोन्ही घरे या काही मिनिटांत शेजारी बसलेली ऐकू येतात. आशाताईंसाठी या संचात अशी आणखी एखादी जागा असती तर, ही हुरहुर मला दर वेळी लागते.

सुरेश वाडकर यांचे ‘सुरमई शाम’ हे पुरुषाच्या बाजूचे गाणे. संध्याकाळ अशी यावी, जशा सावल्या श्वास घेतात, ही कल्पना मुळात कुजबुजीची आहे आणि वाडकरांनी ती तशीच ठेवली आहे. त्यांचा स्वच्छ, तालमीचा आवाज इथे पूर्ण जोर कधीच लावत नाही. ‘यारा सीली सीली’च्या प्रसिद्धीपुढे हे गाणे थोडे मागे राहिले, हे मला अन्यायाचे वाटते.

आता ऐकण्याच्या सोयीविषयी. माझी ध्वनिफीत कधीच झिजली. सध्या ही गाणी मोबाइलवरच्या ॲपवर सहज मिळतात, परंतु मी वापरतो त्या ॲपवर एक गाणे संपते न संपते तोच दुसऱ्याच चित्रपटाचे धडाक्याचे गाणे सुरू होते आणि सगळी समाधी मोडते. तेवढी आपोआप पुढे जाण्याची सोय आधी बंद करावी. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर तर हा संच ऐकूच नये, कारण लतादीदींनी ओळीच्या आधी घेतलेला श्वास आणि ओळ संपल्यावर सोडलेली जागा हेच त्यात हरवते. रात्री, दिवा मालवून, बरे हेडफोन लावून ‘मैं एक सदी से बैठी हूँ’पासून सुरुवात करावी, आणि ‘झूठे नैना’ मात्र मुद्दाम मागे ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी, तोडीच्या वेळेला ऐकावे.