रिअर स्क्रीन म्हणून बॅकलिट फ्लेक्स गळ्यात मारलं

परभणी जिल्ह्यात आमचं छोटं मंगल कार्यालय आहे. लग्नात स्टेजवर गर्दी झाली की प्रोजेक्टरच्या उजेडात माणसं येतात आन् पडद्यावर नवरा-नवरीच्या जागी सावल्याच दिसतात, म्हणून ठरवलं की प्रोजेक्टर पडद्याच्या मागं ठेवायचा, रिअर प्रोजेक्शन करायचं. ओळखीतून संभाजीनगरचा एक सप्लायर आला, बोलायला लई गोड. "दादा, इम्पोर्टेड फिल्म आहे, दिवसा बी क्लिअर दिसतंय." 10 बाय 6 फुटाचे 42 हजार सांगितले, 30 हजार आधी घेतले, बिल मागितलं तर म्हणे फिटिंग झाल्यावर देतो. लग्नसराई तोंडावर होती, दिले आम्ही.

दोन पोरं आली, लोखंडी फ्रेमला पांढरं कापड ताणून बांधलं आन् गेली. संध्याकाळी लावून बघतो तर मधोमध बल्ब पेटल्यासारखा पांढरा गोळा, कडेच्या खुर्च्यांवरून चेहरा ओळखू येईना, अक्षरं उलटी. अक्षरांचं सोपं होतं, प्रोजेक्टरच्या मेनूत रिअर मोड असतो, तो मीच लावला. पण चित्र 6 फुटाच्या पुढं जाईनाच. आमच्या स्टेजमागं जागा 9 फूट, आन् प्रोजेक्टर 1.5 थ्रो रेशोचा, म्हणजे 10 फूट रुंदीला 15 फूट अंतर पाहिजे. शॉर्ट थ्रो, म्हणजे कमी अंतरातून मोठं चित्र पाडणारा प्रोजेक्टर लागतो हे सांगणं त्याचं काम होतं, त्यानं मागची जागा टेपनं मोजली बी नाही.

गोळ्याचं विचारलं तर म्हणतो, तुमच्या प्रोजेक्टरचे ल्युमेन (उजेडाचं माप) कमी पडतात, माझ्याकडं 85 हजाराचा प्रोजेक्टर आहे. अहो, ल्युमेन वाढवले तर गोळा अजून भडकणार ना!

मग गावातल्या फ्लेक्सवाल्याला बोलावलं. त्यानं कापडाचा कोपरा खिडकीकडं धरला, आत दोऱ्यांची बारीक चौकट चौकट दिसली. म्हणाला, भाऊ, हे बॅकलिट फ्लेक्स आहे, दुकानाच्या ग्लोसाइन बोर्डाला लावतो ते. ऐकून पोटात गोळाच आला.

तर पैसे द्यायच्या आधी हातभर तुकडा मागून घ्या, आन् अंधारात त्याच्या मागून मोबाईलची टॉर्च लावा. टॉर्चचा ठिपका जसाच्या तसा दिसला तर प्रोजेक्टरची लेन्स बी तशीच दिसणार. चांगल्या मालात उजेड पसरतो. बाजूला सरकून बी बघा, एकदम अंधारलं तर घेऊ नका. उजेडाच्या हॉलला करड्या रंगाचा माल बरा, चित्रातला काळा रंग जरा काळा दिसतो. आन् पडद्यामागं खिडकी असली तर ती आधी बंद करा, मागून उजेड आला की कुठलाच पडदा चालत नाही.

आता तो फोन उचलत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही म्हणून तिथं बी अर्ज करतोय. बिल नाही, पण 30 पैकी 20 हजार ऑनलाइन दिले होते, त्याचा रेकॉर्ड आहे, 10 हजार नगदी दिले त्याला काहीच पुरावा नाही. त्याचीच पोरं मागच्या आठवड्यात गंगाखेडकडं एका हॉलची मापं घेत होती असं कळलंय, तिकडं कुणाची ओळख असेल तर आजच फोन करा.