पंप नाही, दुर्बीण लागत होती: बाबांच्या घशाच्या ऑपरेशनचा अनुभव (४/५)

बाबा ५८ चे. दोन वर्षं दम्याचा पंप चालू, फरक शून्य. जिना चढताना आणि झोपेत तर विचारूच नका, श्वास ओढताना असा चिरका आवाज की शेजारच्या काकू सकाळी विचारायच्या, काय हो, बरे आहेत ना? मधे एकांनी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं) घ्यायला लावलं, ते लावलं की बाबा आणखीच गुदमरून उठायचे. मशीन माळ्यावर गेलं.

शेवटी पुण्यातल्या एका कान-नाक-घसा विभागात गेलो (नाव टाकत नाही, पुढे तक्रारपण आहे). मॅडमचा पहिलाच प्रश्न, आवाज श्वास घेताना येतो का सोडताना? दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो हे! दम्याची शिट्टी जास्त करून सोडताना वाजते, वर घशात अडलं तर घेताना. नाकातून बारीक दुर्बीण घातली, बाबा जागेच, स्क्रीनवर आम्हालाही दिसलं, श्वास ओढला की स्वरयंत्राच्या वरचं सैल अस्तर आत खेचलं जातं आणि जिभेमागचं पान, म्हणजे एपिग्लॉटिस, झाकणासारखं बसतं. लॅरिंगोमलेशिया म्हणे. एरवी तान्ह्या बाळांना होतो, मोठ्यांत क्वचित.

ऑपरेशन सुप्राग्लॉटोप्लास्टी. सगळं तोंडातूनच, गळ्यावर चीर नाही, लेझरने जादाचं अस्तर कापलं आणि ते पान पुढे जिभेच्या मुळाकडे टाक्यांनी ओढून बांधलं. जास्त कापलं तर अन्न श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून हात राखूनच कापणार, कमी पडलं तर परत करू, हे मॅडमनी आधीच सांगितलं. सूज आली तर गळ्याला भोक पाडावं लागेल यावरही सही घेतली, तेव्हा आईचा हात थरथरत होता. गरज पडली नाही. एक रात्र आयसीयू, स्टिरॉइड, ॲसिडिटीच्या गोळ्या, बस.

एक स्टार कापला तो डिस्चार्जसाठी. काय प्यायचं, कसं गिळायचं, कागदावर एक ओळ नाही. घरी आल्या आल्या बाबांनी हौसेने चहा घेतला आणि असला ठसका लागला की आमचीच पाचावर धारण बसली. फोन केला तर रिसेप्शनवाली म्हणते ओपीडीत या. दुसऱ्या दिवशी थेरपिस्ट ताईंनी दाट पेज आणि हनुवटी खाली करून गिळणं शिकवलं, दहा मिनिटांत. मग आधी काय झालं होतं?

आता दीड महिना झाला. चहा जमतो. बाबा अजून घोरतात, पण साधं, माणसासारखं.