गॅसचा ब्रूडर, आणि तो पेटवायला-विझवायला शिकवणारं दुकान

थंडीत पिल्लांची बॅच टाकणाऱ्या मुरबाड-शहापूरकडच्या पोल्ट्रीवाल्यांसाठी गॅसच्या ब्रूडरबद्दल, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीबद्दल, हे लिहितेय. आमची शेड टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याकडे आहे. ठाणे जिल्हा म्हटलं की लोकांना खाडी आणि घाम आठवतो, पण पौषात आमच्याकडे पहाटे दात वाजतात. म्हसाच्या जत्रेत घोंगड्या खपतात त्या काही हौसेखातर नाही.

एक दिवसाच्या पिल्लाला त्याच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 34 अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवत न्यायचं. सुरुवातीच्या दिवसांत पिल्लाला अंगातली ऊब स्वतःहून राखता येत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जे हुकतं ते थेट शेवटच्या वजनात दिसतं. बल्ब लावून भागवायचं तर रात्री लाइट गेली की पिल्लं एकावर एक चढून चेंगरतात. कोळशाच्या शेगड्या स्वस्त, पण कोळसा धुमसत राहतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास. पडदे गच्च सोडलेल्या शेडमध्ये तो पिल्लांना मारतो आणि तिथेच खाट टाकून निजलेल्या माणसालाही सोडत नाही. म्हणून आम्ही गॅसवर आलो.

ब्रूडर आहे तो 5 किलोवॅटचा. वर छत्रीसारखं पत्र्याचं झाकण, खाली सिरॅमिकची जाळी, साखळीने टांगायचा. हजारेक पिल्लांना एक पुरतो. पूर्ण आचेवर तासाला 400 ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, म्हणजे 19 किलोची निळी टाकी सलग चालवली तर दोन दिवस. प्रत्यक्षात दुपारी आच कमी करतो, कधी बंदच ठेवतो, तेव्हा जास्त पुरते. जाळी लालबुंद झाली की ऊब खाली सरळ पडते, सगळ्या शेडची हवा तापवत बसावी लागत नाही. ब्रूडिंगसाठी याहून सोयीचं काही मी तरी वापरलेलं नाही. पण हाच माल दुसरीकडेही मिळतो. मला लिहायचंय ते ज्या दुकानातून घेतला त्याबद्दल.

आधी एका मोठ्या पुरवठादाराला फोन केला होता. त्याने भाव सांगितला, पैसे पाठवा म्हणाला, माल ट्रान्सपोर्टने येईल. रेग्युलेटर कुठला लावायचा विचारलं तर म्हणे, घरातला लावा, चालतो. घरच्या लाल टाकीचा रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाबाने गॅस सोडतो. तुमचा ब्रूडर किती दाबाचा आहे ते त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं आणि रेग्युलेटर त्याच्याशी जुळलाच पाहिजे. दाब कमी पडला तर ज्योत मान टाकते, जास्त झाला तर जाळीवर उसळते. शिवाय घरगुती टाकी धंद्याला वापरणं कायद्यात बसत नाही. एवढं विचारल्यावर ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून आगीची वस्तू घ्यायची नाही, असं माझं मत.

कल्याण-मुरबाड रोडवरच्या या दुकानात उलटं झालं. मालकांनी भाव सांगायच्या आधी मलाच विचारलं: शेड किती बाय किती, उंची किती, पडदे कुठल्या बाजूला, खाली तूस की लाकडाचा भुसा, टाकी कुठे ठेवणार, आणि रात्री शेडवर कोण असतं? शेवटच्या प्रश्नाचा अर्थ मला फिटर आल्यावर कळला.

फिटरदादा आले, साखळ्या बांधल्या. छताच्या लोखंडी पाइपाला वेगळी तार घेऊन दुसरा आधार दिला, म्हणजे साखळीची कडी निसटली तरी ब्रूडर तुसावर पडायचा नाही. कोरडं तूस म्हणजे सरपणच. टाकी शेडच्या बाहेर, सावलीत, उभी ठेवायला लावली. मग मी पुढे झाले तर म्हणाले, "ताई, रात्री मावशी असतात ना? मग मावशींना बोलवा." सासूबाई आल्या. दादांनी स्वतः एकदाही पेटवून दाखवला नाही. सगळं त्यांच्याच हातून करून घेतलं आणि पुरतं जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लावलं.

आधी सगळे नॉब बंद आहेत का बघायचं. मग खाली उकिडवं बसून वास घ्यायचा. उभ्याने नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, तो गळला तर जमिनीलगत पसरतो, म्हणजे नेमका पिल्लांच्या आणि तुसाच्या पातळीला. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात. पण शेडमध्ये अमोनियाचा वास इतका असतो की नाक मरून जातं. म्हणून दादांचं म्हणणं, बाहेर मोकळ्या हवेत दोन मिनिटं उभं राहून मग आत यायचं आणि लगेच खाली वाकायचं. हे मी कुठल्याच माहितीपत्रकात वाचलेलं नाही. पोल्ट्रीच्या शेडमध्ये हात काळे केलेल्या माणसालाच ते सुचतं.

वास नसेल तर टाकीचा कॉक हळूहळू उघडायचा, झटक्यात नाही. जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा फुगला तर कॉक बंद, वायसर बघायचा. काडी लावून गळती शोधायची नाही हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की सासूबाई दचकल्या.

आणि मग मुख्य गोष्ट: "मावशी, आधी काडी, मग गॅस." लांब दांड्याचा लायटर पेटवून पायलटच्या, म्हणजे जाळी पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीच्या, तोंडाशी धरायचा आणि त्यानंतर नॉब दाबायचा. उलटं केलं तर काडी सापडेपर्यंत झाकणाखाली गॅस साठतो आणि पेटताना भडका तोंडावर येतो. पायलट धरला की नॉब सोडायचा नाही, अर्धा मिनिट दाबूनच ठेवायचा. तिथे एक बारीक तांब्याची नळी ज्योतीत असते, तिला थर्मोकपल म्हणतात. तिचं टोक तापलं की त्यातून अगदी किंचित, काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि ती आतला चुंबकाचा व्हॉल्व्ह उघडा धरते. ज्योत विझली, टोक गार झालं, की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. अख्ख्या ब्रूडरमध्ये जीव वाचवणारा भाग कुठला असेल तर हा. काही जण नॉब दाबून ठेवायचा कंटाळा येतो म्हणून त्यावर तार आवळतात. तसं करणाऱ्याच्या शेडमध्ये मी पाऊल टाकणार नाही.

नॉब सोडल्यावर ज्योत गेली तर? सासूबाईंनी लगेच पुन्हा लायटर ओढला. दादांनी त्यांचा हात धरला. "थांबायचं. कॉक बंद. पडदा वर. पाच मिनिटं." आम्ही खरोखर पाच मिनिटं थांबलो, कुणी काही बोललं नाही, पिल्लं अजून यायची होती त्यामुळे शेडही गप्प. मग परत खाली बसून वास, परत काडी, परत नॉब. या वेळी जाळी एका कडेने लाल होत पुरी पेटली. नवीन नळीत हवा असते म्हणून पहिल्यांदा वेळ लागतो, हेही तेव्हाच कळलं. लाली सगळीकडे सारखी हवी. मध्येच काळा डाग राहत असेल किंवा पिवळी ज्योत बाहेर येत असेल तर धूळ अडकलीय किंवा हवा कमी पडतेय. तसा ब्रूडर चालू ठेवायचा नाही.

बंद करतानाही क्रम असतो आणि तोच लोक विसरतात. आधी टाकीचा कॉक बंद करायचा, ब्रूडर तसाच जळू द्यायचा. नळीतला गॅस संपला की तो आपण होऊन विझतो. मग ब्रूडरचा नॉब. आधी नॉब फिरवून निघून गेलं तर नळीत दाबाखाली गॅस भरून राहतो आणि रात्री उंदराने नळी कुरतडली की तो शेडमध्ये. आमच्याकडे उंदीर खाद्याच्या गोणी सोडत नाहीत, नळी काय सोडणार. म्हणून आता आतून तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी बसवली आहे आणि तिच्यावर छापलेली मुदत संपायच्या आत ती बदलायची असं दादांनी बजावलंय. विझवल्यावर जाळी गार होईपर्यंत हात नाही, पाणी नाही. तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा शिंतोडा उडाला तर ते तडकतं. शेड धुवायला घ्यायच्या आधी ब्रूडर उतरवून बाहेर काढायचे.

बॅच गेल्यावर नळीच्या दोन्ही तोंडांना कापडाचा बोळा किंवा टोपी लावून ठेवा. कुंभारीण माशी त्या बारीक भोकात मातीचं घर करते, कोळी जाळं विणतात. पुढच्या वेळी ज्योत पिवळी का येते हे शोधण्यात अर्धा दिवस जातो. आमच्या एका ब्रूडरच्या तोंडातून दादांनी सुईने काढलेली मातीची गोळी जोंधळ्याच्या दाण्याएवढी होती, तेवढीने सगळी हवा कोंडली होती.

पडद्यांबद्दल मात्र आमच्यात आणि कंपनीच्या सुपरवायझरमध्ये वाद झाला. ते म्हणत, सगळे पडदे सोडा, ऊब राहील. दादा म्हणत, वरची वीतभर फट ठेवाच. मी दादांच्या बाजूने. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. एका निळ्या टाकीतून तीसेक लिटर पाणी शेडच्या हवेत जातं! ते बाहेर गेलं नाही तर तुसात मुरतं, तूस ओलं झालं की अमोनिया, आणि अमोनियाने पिल्लांचे डोळे येतात. वर गॅसला जळायला हवा कमी पडली की तोच कार्बन मोनॉक्साइड, ज्याच्या भीतीने आपण कोळसा सोडला. फट ठेवल्याने गॅस थोडा जास्त जातो, जाऊ दे. आच बरोबर आहे का हे पिल्लंच सांगतात: ब्रूडरखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर गार, चिक गार्डला, म्हणजे भोवतीच्या गोल कुंपणाला, चिकटून चोची उघड्या टाकून बसली तर गरम, सगळीकडे सारखी पसरून खात असतील तर बरोबर.

पहाटेची एक अडचण सगळ्यांनाच येते. टाकीला घाम फुटतो, मग बाहेरून ती बर्फासारखी गार होते आणि ज्योत खाली जाते. आतल्या द्रवाचा वायू होताना तो टाकीचीच ऊब ओढतो, म्हणून एका टाकीवर जास्त ब्रूडर लावले की असं होतं. टाकीखाली विस्तव ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. दोन टाक्या एकत्र जोडून भार वाटून घ्यायचा, दुकानवाले ते जोडून देतात.

आता तक्रारी. सोबत आलेलं माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. ज्यांनी रात्री ब्रूडर सांभाळायचा त्यांच्या ते काहीच उपयोगाचं नाही. दुकानाने मराठीत एक पानाचा तक्ता छापून शेडच्या दाराला लावायला दिला तर फार मोठं काम होईल. मी मालकांना तसं सांगितलंय, अजून झालेलं नाही. नॉबवरच्या चालू-बंदच्या खुणा एका हंगामात पुसल्या गेल्या, आता लाल नेलपॉलिशने रंगवल्या आहेत. मूळ साखळी आखूड होती. आणि थर्मोकपलचा सुटा भाग दुकानात कायम नसतो, मागवायला लागतो. तो वीक पॉइंट आहे, कारण तो गेला की नॉब सोडताच ब्रूडर विझतो. घेतानाच एक जादा घेऊन ठेवा, किंमत किरकोळ आहे.

ब्रूडर आम्हाला पाच हजारांच्या आत पडला, रेग्युलेटर, नळी वेगळे. फिटरच्या येण्याजाण्याचे पैसे त्यांनी वेगळे लावले, आणि ते मी आनंदाने दिले. ज्यांना घ्यायचाय त्यांनी गणपती उठले की फोन करा. दिवाळीनंतर सगळ्यांच्याच बॅचेस पडतात, दादा एकटे आहेत, आणि त्यांच्याऐवजी दुकानातल्या पोराला पाठवतो म्हणाले तर थांबायची तयारी ठेवा पण दादांनाच बोलवा. ते येतील त्या दिवशी रात्री शेडवर झोपणारं माणूस घरी हजर हवं.